मण्यातली अर्धवट बी

फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीकडच्या थॉमसन द्राक्षाचा एक मणी घ्यावा, उभा चिरावा आणि उजेडाकडे धरावा. गराच्या मधोमध दोन-तीन मऊ, पांढुरके ठिपके दिसतात. जिभेला ते लागतही नाहीत. द्राक्षाचे दर्दी गोडी पाहतात, साल कशी तुटते ते पाहतात, देठ हिरवा आहे का ते पाहतात. माझं लक्ष या ठिपक्यांवरून हलत नाही.

बिनबियांचं फळ म्हणजे फलनाशिवाय आलेलं फळ, असं आपण धरून चालतो. केळ्याच्या बाबतीत ते खरंही आहे. थॉमसनचं तसं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी बाग फुलोऱ्यात येते, पण फूल इतकं बारीक आणि हिरवट की मांडवाखाली उभ्या असलेल्या पाहुण्याला ते दाखवावं लागतं. त्याच्या पाकळ्या उमलत नाहीत. त्या शेंड्याला जुळलेल्या असतात, बुडापासून सुटतात आणि अख्खी टोपी गळून पडते. मग पाच पुंकेसर मोकळे होतात. फूल उभयलिंगी, त्यामुळे परागीभवन बहुतेक तिथल्या तिथेच उरकतं. (जंगली द्राक्षात नर वेल वेगळी नि मादी वेगळी, दोन्ही अंगं एकाच फुलात असलेली वेल माणसाने हजारो वर्षांपूर्वी निवडली.) फलन होतं, बी धरते. आणि काही आठवड्यांत तिची वाढ खुंटते. ते पांढुरके ठिपके म्हणजे ही सुरू होऊन थांबलेली बी.

बी भरली असती तर मणी फुगवणारी संजीवकं तिनेच पुरवली असती. ती उणीव बागाईतदार भरून काढतो: कोवळे घड जी.ए.च्या, म्हणजे जिबरेलिनच्या, द्रावणात बुडवून. या जिबरेलिनचा माग १९२६ साली कुरोसावा या जपानी संशोधकाला लागला, तोही भाताच्या रोगट, उगाच उंच वाढणाऱ्या रोपांत. भाताला रोग लावणाऱ्या बुरशीचं हे द्रव्य पिंपळगावच्या बाजारात मण्याचा आकार ठरवतं, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

बी नाही, तर वंश चालतो कशावर? काडीवर. आधी रानात डॉगरिजचा खुंट लावायचा आणि पावसाळा सरता सरता त्यावर पाचर कलम करायचं. खाली टेक्सासच्या रानवेलीचं मूळ, खारं पाणी नि पाण्याचा ताण सोसणारं. वर पश्चिम आशियातली जुनी किसमिस, जिला कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसनचं नाव चिकटलं. नाशिकच्या बागांतल्या थॉमसनच्या वेली वेगवेगळ्या मोजाव्यात का, असा प्रश्न मग पडतो. काडीमागून काडी लावत कुठल्याशा एका वेलीचंच हे शरीर पसरत आलं आहे. म्हणून त्यांची गोडी सारखी आणि दुबळेपणाही सारखा. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस लागला की डाऊनी हा रोग एका बागेपुरता थांबत नाही.

बीतून येणारी पिढी दरवेळी पत्ते पिसते. कलमाच्या वेलीत नवं काही यायचं तर एखाद्या डोळ्याने, एखाद्या काडीने लहरीपणा करावा लागतो आणि तो कुणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांना तशी लांबट मण्यांची वेल दिसली, तिची सोनाका झाली. तासगावकडून आलेली तास-ए-गणेश हीसुद्धा थॉमसनमधूनच निवडलेली. दोन्हींमागे प्रयोगशाळा नव्हती, बागेत रोज फिरणारा माणूस होता.

आता प्रयोगशाळा आली आहे, आणि ती नेमकी त्या पांढुरक्या ठिपक्याशीच पोचली आहे. गर्भ मरण्याआधी तो मण्यातून काढून काचेच्या नळीत वाढवला, तर बिनबियांच्या दोन जातींचाही संकर साधतो. आजच्या बऱ्याच नव्या बिनबियांच्या जाती या वाटेने येतात. मात्र त्या पेटंट घेऊन येतात. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने आणलेल्या ‘आरा’ जातींची काडी शेजाऱ्याला सहज छाटून देता येत नाही. तास-ए-गणेश गावोगाव पसरली ती मात्र मागेल त्याला मिळणाऱ्या काडीने. आरा १५ चा लांबट मणी दाताखाली झकास मोडतो, हे कबूल. तरी थॉमसनच्या गोडीमागून येणारी ती हलकी आंबूस चव मला त्यात सापडत नाही.