आवड आणि पारख : तीन ग्लासांची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला पहिला फोन आला तो माझ्या आतेभावाचा. तो म्हणाला, "दादा, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता या वयात बिअरवर बोलणार का?" मी म्हटलं, "अरे, बिअरवर नाही, न्यायावर बोलणार आहे." तो म्हणाला, "मग विषयात बिअर कशाला घातली?" त्याचंही बरोबर आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी कुणाला प्यायला सांगायला बसलेलो नाही. मी शिरड शहापूरचा माणूस. आमच्या गावाला लोक येतात ते मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला. इथे ब्रुअरी नाही, पब नाही, आणि त्याची उणीवही कुणाला भासत नाही. तरी एका ग्लासाने मला माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्याबद्दल काहीतरी दाखवलं. ते तुमच्यापुढे ठेवावं असं वाटलं.

झालं असं. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात बिअर बनवण्याच्या व्यवसायात आहे. पुण्यात हे आता नवं राहिलेलं नाही. २००९ मध्ये तिथे 'डूलाली' नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि मग एकामागून एक निघत गेल्या. ते नाव गमतीचं आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून राहायचे, कंटाळून त्यांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणू लागले. म्हणजे आपली देवळाली इंग्रजी भाषेत गेली आणि बिअरवर बसून परत आली.

तर हा विद्यार्थी म्हणाला, "सर, आम्ही नव्या मुलांना चव घ्यायला शिकवतो. तुम्ही एकदा बसा." मी बसलो. समोर तीन ग्लास ठेवले, प्रत्येकात दोन-तीन घोट. नाव कशावरच नाही. म्हणाला, "काय वाटतं ते लिहा."

पहिल्या ग्लासाबद्दल मी लिहिलं : 'सपक. गॅस जवळपास नाही. नीट थंडही नाही.' दुसऱ्याबद्दल : 'संत्र्यासारखा आणि राळेसारखा उग्र वास, फार कडू.' तिसरा मात्र मला फार आवडला. मी लिहिलं : 'उत्तम. साजूक तुपाचा खमंग वास. तोंडात गोलाई.' आणि वर ठसक्यात म्हटलं, "ही तुमची सगळ्यात चांगली असणार."

पोरगं जरा गप्प बसलं. मग म्हणालं, "सर, राग मानू नका. पहिला आणि तिसरा एकच आहे. तिसऱ्यात आम्ही दोषाचे थेंब घातलेत. तुम्हाला जो तुपाचा वास आवडला, तोच दोष."

आता हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पहिल्या ग्लासात होती इंग्लिश पद्धतीची पेल एल. बनवणारा जिला पेल एल म्हणतो, तिलाच इंग्लंडच्या पबमधला पिणारा बराच काळ 'बिटर' म्हणत आला आहे. तिचा मूळ माल साधा : मोड आणून वाळवलेला सातू, म्हणजे मॉल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं, यीस्ट, आणि पाणी. पाण्याचीही गंमत आहे. बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या बिअरचा कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागायचा. आज दुसरीकडे बनवणारे पाण्यात मुद्दाम जिप्सम घालतात.

ही बिअर प्यायची दहा ते तेरा अंश सेल्सिअसला, म्हणजे तळघराच्या गारव्याला. बर्फासारखी थंड केली की नाकाला काहीच कळत नाही. गॅस कमी असतो, तो मुद्दाम कमी. मॉल्टचा वास बिस्किटासारखा किंवा भाजलेल्या पावासारखा. आपल्या भाषेत सांगायचं तर तव्यावरून उतरवलेल्या भाकरीचा पापुद्रा मोडल्यावर येतो तसा खरपूस. इंग्लिश हॉप्सचा वास मंद : थोडा फुलांचा, थोडा मातीचा, थोडा संत्र्याच्या सालीच्या मुरांब्याचा. दुसरा ग्लास होता अमेरिकन पेल एलचा. तिथले हॉप्स ओरडून बोलतात. इंग्लिश हॉप्स हळू बोलतात, आणि मला हळू बोललेलं ऐकू आलं नाही.

आता तिसऱ्या ग्लासातलं तूप. त्या पदार्थाचं नाव डायअॅसिटिल. बिअर आंबत असताना यीस्टच्या कामातून तो तयार होतो, आणि पुरेसे दिवस दिले तर यीस्टच तो परत पोटात घेतं. घाई करून टाकी लवकर थंड केली की तो मागे राहतो. जंतूंची लागण झाली तरी येतो. म्हणजे हा वास बहुतेक वेळा घाईची किंवा अस्वच्छतेची खूण असतो. इंग्लिश पेल एलमध्ये अगदी पुसटसा असेल तर काही परीक्षक चालवून घेतात. ठळक असेल तर गुण कापतात.

मी चुकलो, हे उघड आहे. पण माझ्या चुका दोन होत्या आणि त्या उलट्या दिशांच्या होत्या. पहिल्या ग्लासाला मी अशा मापाने मोजलं जे त्याचं नव्हतंच. माझ्या डोक्यात बिअर म्हणजे थंडगार, फसफसणारी लागर. ती लागर नाही, याची शिक्षा मी तिला दिली. तिसऱ्या ग्लासात मला माझं घर सापडलं, आईने कढवलेलं लोणी सापडलं, आणि मी दोषाला बक्षीस दिलं. थोडक्यात, दोन्ही वेळा मी बिअरबद्दल बोललोच नाही, माझ्याबद्दल बोललो.

कुणी म्हणेल, "सर, आवड ज्याची त्याची. तुम्हाला तिसरी आवडली, विषय संपला." हा आक्षेप हलका नाही. खुद्द कांट १७९० च्या ग्रंथात दारूचंच उदाहरण देतो. कॅनरी बेटांची वाइन सुखद आहे असं कुणी म्हणालं, तर त्याने 'मला सुखद आहे' अशी दुरुस्ती करून घ्यावी. जिभेच्या सुखात वाद नाही. सौंदर्याचं विधान मात्र सगळ्यांच्या संमतीवर हक्क सांगतं. मराठीत हा कांट ज्यांनी आपल्याला नीट समजावला त्या रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ ची. ती मी वर्षानुवर्षं शिकवली. मग कांटच्या हिशेबाने माझा तिसरा ग्लास निर्दोष सुटतो का?

नाही सुटत. 'मला आवडली' एवढंच म्हणालो असतो तर सुटलो असतो. मी म्हणालो, 'ही सगळ्यात चांगली'. या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिलं वाक्य खोटं ठरूच शकत नाही, आणि म्हणूनच ते फारसं काही सांगतही नाही. दुसरं खोटं ठरू शकतं. माझं ठरलं.

कांटच्या आधी, १७५७ मध्ये, ह्यूमने अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला. त्यात त्याने डॉन किहोतेमधली एक गोष्ट घेतली आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते एक जुनी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली.

माझ्या तिसऱ्या ग्लासातही किल्ली होती, दोन-चार थेंबांची. मला ती लागली, पण मी तिला अलंकार समजलो. ह्यूमच्या गोष्टीला एवढी पुस्ती जोडावी लागेल : किल्ली लागणं पुरेसं नाही. ती तिथे असायला हवी होती की नको, हेही ठाऊक हवं. आणि ते ठाऊक होण्यासाठी ही वस्तू काय व्हायला निघाली होती, हे आधी विचारावं लागतं.

हे आपल्याकडे कुणाला कळत नाही असं समजू नका. आपला हा हळदीचा मुलूख. हिंगोलीला, वसमतला बीट चालू असताना जाऊन उभे राहा. जुना व्यापारी हळकुंड उचलतो आणि मोडतो. आवाज खणखणीत आला पाहिजे. मोडलेल्या जागेचा रंग बघतो, वास घेतो. नीट शिजली नसेल, ओली राहिली असेल, तर हातालाच कळतं. वरून पॉलिश मारून चकचकीत केलेल्या हळदीला नवखा भुलतो, हा आतला रंग बघतो. त्या व्यापाऱ्याला विचारा, "हळद आवडते का?" तो तुमच्याकडे बघतच राहील. आवडण्याचा संबंधच काय? त्याच्यापुढे एक शेतकरी उभा असतो आणि त्याचं वर्ष त्या हळकुंडात असतं.

बिअरच्या परीक्षकांकडेही असाच एक तक्ता असतो. अमेरिकेतल्या एका परीक्षक संस्थेचा तक्ता जगभर वापरतात. एकूण पन्नास गुण : वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. मला हा तक्ता बघून बरं वाटलं. दिसण्याला फक्त तीन! आपल्या कितीतरी परीक्षांत आणि पुरस्कारांत हे प्रमाण उलटं असतं. शिवाय प्रत्येक गुणापुढे शब्द लिहावे लागतात. नुसतं 'छान' चालत नाही.

पण या तक्त्याबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली भाषेची. त्यातले शब्द टॉफी, मार्मलेड, बिस्किट असे. ते ज्याच्या घरात नव्हते त्याने पारख करायची कशी? माझं म्हणणं, आपल्या शब्दांनी करायची. मराठी स्वयंपाकघराएवढे दोषांचे शब्द क्वचितच कुठे असतील : खवट, कुबट, आंबूस, करपट, ओशट, मिळमिळीत. जुनी होऊन हवा लागलेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो म्हणतात. आपण कुबट म्हणू. शब्द आपला असू द्या, बोट मात्र त्याच वस्तूकडे हवं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तक्ता विचारतो, ही बिअर आपल्या जातीला किती धरून आहे? ठीक आहे. पण जातीबाहेरचं चांगलं जन्माला आलं तर? पेल एलच एकेकाळी गडद पोर्टर पिणाऱ्या लंडनमध्ये नवखी होती. तेव्हा पोर्टरचा तक्ता लावला असता तर ती नापास झाली असती. म्हणून निकष हवेत, पण परीक्षकाने दर वेळी स्वतःला विचारायला हवं, की माझ्यापुढचा ग्लास वाईट आहे, की मी आणलेला तक्ता दुसऱ्याचा आहे?

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका विद्यार्थ्याचा निबंध आला होता, चार्वाकांवर. मुलगा खेड्यातला, याच भागातला. त्याने प्रत्यक्षप्रमाणाचा मुद्दा मांडला होता तो पेरणी, पाऊस आणि सावकाराच्या वहीची उदाहरणं देऊन, अगदी आपल्या बोलीत. मी शेरा मारला, 'शास्त्रीय भाषेचा अभाव', आणि जेमतेम पासापुरते गुण दिले. त्याच गठ्ठ्यात दुसरा एक निबंध होता. त्यात माझ्याच वर्गातली वाक्यं मलाच सुरेख परत केली होती. त्याला मी भरपूर गुण दिले.

पुण्याहून परत येताना गाडीत मला ते दोन निबंध आठवले. पहिला ग्लास आणि तिसरा ग्लास. एकाला मी दुसऱ्याच्या मापाने मोजलं, आणि दुसऱ्यातून येणारा माझ्या घरचा वास मी गुणवत्ता म्हणून नोंदवला. त्या मुलाचा युक्तिवाद आज मनात उलगडतो तेव्हा तो पक्का होता असंच दिसतं. हळकुंड खणखणीत मोडलं होतं. मी पॉलिश बघत बसलो.

तो मुलगा पुढे शिकला नाही. माझ्या गुणांमुळेच शिकला नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणं होईल. पण माझा त्यात काहीच हात नव्हता, असंही मला म्हणवत नाही.

तुमच्यात शिक्षक असतील, परीक्षक असतील, संपादक असतील. घरात सुनेच्या भाजीला आणि मुलाच्या निवडीला शेरे मारणारे तर आपण सगळेच आहोत. माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी 'चांगलं' किंवा 'वाईट' म्हणण्याआधी कागदावर दोन रकाने करा. एकात लिहा, मला काय आवडलं. दुसऱ्यात लिहा, ही गोष्ट काय व्हायला निघाली होती आणि ती तशी झाली का. गुण दुसऱ्या रकान्यातून द्या. पहिला रकाना खोडू नका. तो समोर असला म्हणजे निदान तो कुठे घुसतोय ते दिसतं.

मी त्या ग्लासांवर पुन्हा बसलो. पहिला हातात धरून जरा वेळ थांबलो आणि सावकाश घोट घेतला. आधी भाकरीच्या पापुद्र्याचा खरपूसपणा आला, मग मुरांब्याची पुसट आठवण, आणि शेवटी कोरडा, नीटनेटका कडवटपणा राहिला. पन्नासपैकी मी छत्तीस लिहिले. विद्यार्थ्याने स्वतः चौतीस दिले होते. मला ती आजही फारशी आवडत नाही. पण ती चांगली आहे.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.