एका शब्दावर पूल उभा राहत नाही

कंपनांचा पाठ शिकवताना वर्गात पूल हमखास येतो. मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा झुलता पूल 1831 साली सैनिकांच्या ठेक्यातल्या पावलांनी कोसळला; आगगाडीही पुलावर त्याच कारणाने हळू जाते, असे सांगून फळ्यावर ‘अनुस्पंदन’ हा शब्द लिहिला जातो. ब्रॉटनच्या गोष्टीबद्दल आमची फारशी तक्रार नाही (तिथला एक बोल्ट मुळात सदोष होता, एवढे सांगावे). आगगाडीचे जे सांगितले जाते, ते मात्र आम्हाला पटत नाही.

हिंगणघाट स्टेशनच्या फलाटावरून बल्लारशाकडून येणारी कोळशाची मालगाडी पाहावी. एक वाघीण सुमारे 10.7 मीटर लांब असते. गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटर असेल, तर सेकंदाला साधारण एक वाघीण समोरून जाते. म्हणजे गाडी हा सेकंदाला एक ठोका देणारा हातोडा, असे पाठात गृहीत धरलेले असते. पण हातोडा ठोका देऊन बाजूला होतो, गाडी पुलावरच असते. रिकामी वाघीण 23 टनांच्या आसपास, तर भरलेली 80 टनांच्या घरात. हे वस्तुमान पुलाबरोबर हलू लागले की पुलाची स्वतःची वारंवारता उतरते. शिवाय वाघीण स्प्रिंगांवर बसलेली असते. पूल तिला हलवतो आणि ती पुलाला. एका सैल दोरीला टांगलेल्या दोन लंबकांसारखाच हा प्रकार आहे. तेव्हा पुलाची वारंवारता कोणती, या प्रश्नाला गाडी कुठे आहे आणि किती भरलेली आहे हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

झुलत्या पुलावर तर ठोक्याचे गणित आणखी लंगडे पडते. हाँगकाँगचा 1997 सालचा त्सिंग मा पूल रेल्वेही वाहतो. त्याचा मुख्य गाळा 1377 मीटरचा असून त्याच्या सर्वांत संथ उभ्या कंपनाला आठ-नऊ सेकंद लागतात. सेकंदाच्या ठोक्याशी त्याचा मेळ कसा बसावा? तिथे खरी अडचण आकाराची असते. गाडीखाली रस्ता खचतो, केबलचा बाक बदलतो आणि दुसरीकडे रस्ता वर उचलला जातो. इंग्लंडमध्ये टीज नदीवर 1830 साली बांधलेल्या रेल्वेच्या झुलत्या पुलावर इंजिनापुढे अशीच लाट उठे. शेवटी त्याला खालून टेकू द्यावे लागले. रोबलिंगने 1855 साली नायगाऱ्यावर पूल बांधताना खोल, ताठ कैच्या आणि जादा ताण-दोर वापरले. गाड्या जेमतेम माणसाच्या चालीने सोडल्या जात, पण तो पूल 1897 पर्यंत टिकला.

हे वर्गात दाखवता येते. दोन खुर्च्यांमध्ये दोन सुतळ्या सैल बांधा. त्यांना दोऱ्यांनी जाड कागदाची लांब पट्टी टांगा. पट्टीची टोके खुर्च्यांवर टेकलेली असू द्या. आता टॉर्चचा सेल एका टोकापासून चौथाई अंतरावर ठेवा आणि मुलांना सेलकडे न पाहता पट्टीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे पाहायला सांगा. मग पट्टीखाली बांबूच्या दोन कामट्या चिकटवून सेल पुन्हा तिथेच ठेवा.