तबकडी आणि तिचा कागद : वऱ्हाडातील ध्वनिमुद्रित पदांच्या निमित्ताने

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग याने कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरजानचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारते. पुढील काळातील रसिकांस ही गायिकेची ऐट वाटली. वस्तुतः तीत व्यवहाराची निकड होती. मूळ मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात, तेथे तबकड्या छापल्या जात, आणि तेथील कारागिरांस कोणाचे गाणे कोणते हे कळण्यास दुसरे सोपे साधन नव्हते. छापील शब्दाचे काम त्या क्षणी कंठाने केले. पुढे लेबल, वेष्टन, मासिक यादी आणि पत्रक ही आली व कंठ त्या कामातून मोकळा झाला; परंतु ध्वनी आणि त्याची ओळख यांची फारकतही तेव्हाच सुरू झाली.

ही फारकत दुर्मिळ तबकड्यांच्या संग्रहात विशेष जाणवते. पाश्चात्त्य संग्राहकांत प्रचार-मुद्रिकांना मोठा मान आहे. साठच्या दशकात इंग्लंडातील ई. एम. आय. कंपनी बाजारात यावयाच्या गाण्याच्या काही प्रती आकाशवाणी-केंद्रांस व समीक्षकांस आधी पाठवी. त्यांच्या लेबलावर मोठा 'ए' हा वर्ण, विक्रीस मनाई करणारी सूचना आणि प्रकाशनाचा दिनांक असे. आपल्याकडेही नमुन्याच्या प्रती निघत. अशी सात इंची तबकडी तिच्या मूळ पत्रकासह सापडली की तिचे मोल वाढते. पण हे मोल कशाचे? संग्राहकाच्या लेखी ते बहुधा पूर्णत्वाचे असते. डबी आणि तिचे झाकण दोन्ही मिळावीत, तसे. पत्रक वाचावयाचे असते ही गोष्ट या व्यवहारात मागे पडते. अभ्यासकाच्या दृष्टीने प्रचार-मुद्रिकेचे महत्त्व तिच्या विरळपणात नसून तिच्यावरील दिनांकात आहे. बाजारातल्या प्रतीवर तो बहुधा नसतो.

संग्राहकांचे ऋण अर्थातच नाकारता येणार नाही. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था आणि मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील पहिल्या भारतीय मुद्रणांची तयार केलेली सूची यांच्याविना या विषयात पाऊल टाकणे कठीण झाले असते. उणीव आहे ती साहित्याभ्यासकांकडे. पदाचा कर्ता, त्याचा प्रसंग आणि त्याचा पाठ हे प्रश्न तबकडीला विचारण्याची सवय मराठी समीक्षेने लावून घेतलेली नाही, आणि त्याची झळ वऱ्हाडास अधिक लागली आहे.

मुंबई-नागपूर लोहमार्गावर अकोला व बडनेरा ही स्थानके असल्यामुळे संगीत नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांत वऱ्हाड हा नित्याचा मुक्काम होता. तथापि वऱ्हाडाने या रंगभूमीस केवळ प्रेक्षक दिला असे नाही. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभी' हे नाटक १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील मास्टर दीनानाथांची पदे ध्वनिमुद्रित झाली आणि नाटक विस्मृतीत गेल्यावरही घरोघर ऐकली गेली. त्या काळच्या लेबलावर साधारणतः काय आढळते? गायकाचे नाव, नाटकाचे नाव, पदाचे आरंभीचे शब्द, कित्येकदा राग, आणि क्रमांक. पद कोणी रचले हे सांगण्याची रीत तेव्हा रूढ नव्हती. वामनराव तुरुंगवास भोगलेले देशभक्त होते. पारतंत्र्याचे शल्य हाच त्यांच्या नाट्यलेखनाचा प्राण होता. नाट्यगृहात ते पद ऐकणाऱ्यास पात्र दिसत होते, प्रसंग माहीत होता, आणि पात्राच्या तोंडचा 'राजा' किंवा 'दास्य' हा शब्द कोणत्या राज्याकडे बोट दाखवतो हे सांगावे लागत नव्हते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात प्रसंग मावत नाही, संवाद मावत नाही, आणि कधी कधी अंतरेही मावत नाहीत. उरते ती दीनानाथांची झेपावणारी तान. ती अलौकिक आहे यात शंका नाही. परंतु तिच्या वेगात शब्दाची कड पुष्कळदा झिजते, हेही मान्य केले पाहिजे. केवळ तबकडी ऐकणारा आजचा श्रोता त्या पदास रागाचा आविष्कार समजतो. त्याच्या कर्त्याने ते राजद्रोहाच्या सीमेवर उभे राहून लिहिले होते, ही जाणीव ध्वनीतून होत नाही.

ती कागदातून होते. नाट्यगृहाच्या दारात विकले जाणारे पदांचे पुस्तक, कंपनीची मासिक यादी, आणि कोठे शब्दांचे पत्रक मिळाले तर ते पत्रक, यांच्या आधारानेच पद आपल्या जागी परत बसते. म्हणून 'रणदुंदुभी'ची तबकडी हाती असलेल्या संग्राहकाने तिच्यासवे पदांचे पुस्तक जपले नसेल, तर त्याने दीनानाथ जपले आणि वामनराव गमावले असे म्हणणे भाग आहे.

पुढील पिढीत चित्र पालटले. अमरावतीतच १९३२ मध्ये जन्मलेले सुरेश भट यांची कविता हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केली, लता व आशा या भगिनींनी गायिली. अमरावतीच्या एका कवीचे शब्द पित्याने गावे आणि दुसऱ्याच्या शब्दांना पुत्राने चाल द्यावी, हा योग चमत्कारिक खरा! आता तबकडी व्हिनाइलची झाली होती, वेष्टन सचित्र झाले होते आणि कवीचे नाव त्यावर संगीतकाराच्या शेजारी छापले जात होते. येथे प्रश्न श्रेयाचा नसून पाठाचा आहे. गझलेतील प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असल्यामुळे गाताना काही शेर निवडले जातात, काही वगळले जातात. 'रंग माझा वेगळा' या १९७४ च्या संग्रहातील कवितेचा पाठ आणि तबकडीवरील तिचा पाठ एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. हस्तलिखितांच्या बाबतीत जो पाठभेद अभ्यासक डोळ्यांत तेल घालून टिपतात, तोच येथे कानांवरून निसटतो. गायिलेला पाठ हा अपूर्ण पाठ नव्हे; ते संगीतकाराने केलेले एक वाचन आहे. मात्र ते वाचन म्हणून ओळखण्यास मुद्रित संग्रह समोर हवा आणि तबकडी प्रथम कधी निघाली हेही ठाऊक हवे. प्रचार-प्रतीवरचा तो दिनांक येथे खरा उपयोगी पडतो: कविता आधी ग्रंथात आली की आधी कानी पडली, हे त्यावरून ठरविता येते.

मूर्तिजापूर येथे १९२० मध्ये जन्मलेले वसंतराव देशपांडे यांचा उल्लेख या संदर्भात टाळता येत नाही. 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या दारव्हेकरांच्या नाटकाची पदे तबकडीवर आली. पण खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव रंगभूमीवर जे करीत, त्यातील दर प्रयोगास नवी वाट काढणारा भाग कोणत्याही तबकडीत बसणारा नव्हता. ते मुद्रण नाटकाची आठवण आहे, नाटक नव्हे.

राहिला प्रश्न हे साहित्य टिकण्याचा. अकोल्याचा मे महिना पारा ४५ अंशांच्या घरात नेतो. लाखेच्या मिश्रणाची जुनी तबकडी ठिसूळ, व्हिनाइलची उष्णतेने वाकणारी. दोन्ही आडव्या रचल्या की वरच्या भाराने खालच्या बिघडतात, म्हणून त्या उभ्या ठेवाव्या लागतात. कागदाचे हाल याहून वाईट. त्याला वाळवी आहे, आणि रद्दीवालाही आहे. ग्रंथालयाच्या हाती एखादा संग्रह आलाच, तर तबकड्या श्राव्य विभागात जातात, पत्रके व याद्या संकीर्ण कागदांच्या गठ्ठ्यात बांधल्या जातात, आणि दोहोंना वेगळे दाखल-क्रमांक पडतात. अमरावती-अकोल्यात असा संग्रह यापुढे कोठे दाखल व्हावयाचा असेल, तर तबकडी, तिचे वेष्टन, पत्रक आणि नाटकाचे पदांचे पुस्तक यांस एकच क्रमांक द्यावा आणि नोंदवहीत गायकाच्या नावाआधी पदकर्त्याचे नाव लिहावे. 'रणदुंदुभी'च्या तबकडीपासून आरंभ करावा.