गुंगी आणि वेदनाशमन : एक चिकित्सा
हिंगोलीसारख्या, १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्यात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ओपिऑइड वेदनाशामकाला मिडाझोलामची जोड द्यावयाची, तर मात्रेपूर्वी प्रश्न हा की, रात्रभर रुग्णाचे श्वास मोजणार कोण? रुग्ण निजला म्हणजे नातेवाइकांचे समाधान होते. भीतीने वेदना वाढते, हेही खरे. परंतु मिडाझोलाम वेदना शमवीत नाही. ती सांगण्याची शुद्ध तेवढी हरपते. दोहोंच्या संयोगाने श्वसन मंदावते. म्हणूनच २०१६ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने बेन्झोडायझेपिन आणि ओपिऑइड एकत्र देण्याविषयी कडक इशारा दिला. नॅलॉक्सोन ओपिऑइडचा प्रभाव उतरविते, मिडाझोलामचा नव्हे. नियमित पॅरासिटामोल आणि जखमेभोवती ब्युपिव्हाकेन यांनी ओपिऑइडची गरज घटते, रुग्ण जागा राहतो, आणि मुख्य म्हणजे त्याला खोकून कफ काढता येतो.