साखरखेर्ड्याच्या लढाईवर काय वाचाल?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्ड्याला ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं. मुबारिझखान मारला गेला आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेची वाट मोकळी झाली. या मोहिमेवर काम करायचं तर सुरुवात कुठून कराल?

माझ्या मते विल्यम अर्विनच्या 'लेटर मुघल्स'च्या दुसऱ्या खंडापासून. अर्विन १९११ मध्ये वारला. पुस्तक जदुनाथ सरकारांनी संपादित केलं. घटनाक्रम काटेकोर आहे आणि कोणती माहिती कुठून घेतली ते तळटीपेत दिसतं. उणीव मात्र मोठी आहे: सगळी नजर मुघल दरबाराची, फारसी साधनांची.

'मग थेट खाफीखानच वाचतो,' असं म्हणाल. जरूर वाचा, पण त्याला निजामानेच दिवाण नेमलं होतं. म्हणजे साक्षीदार जिंकणाऱ्याच्या घरचा. शिवाय इलियट-डाऊसनच्या सातव्या खंडात सहज मिळतात ते निवडक उतारेच. होडीवालांनी त्या भाषांतराच्या चुका दाखवल्यात; ते पुस्तक शेजारी ठेवा.

मराठ्यांच्या बाजूसाठी सरदेसायांची 'मराठी रियासत' आहे. निजामाच्या विजयात बाजीरावाचा वाटा किती, हा एकच प्रश्न घेऊन ही पुस्तकं ताडून बघा.

विज्ञानवाल्यांना हे पटेल: काटाच बिघडला असेल तर पाच वेळा वजन करून उपयोग नाही. पाच पुस्तकं एकट्या खाफीखानावर उभी असतील, तर पुरावा एकच धरायचा. म्हणून संशोधनाचा आराखडा लिहायच्या आधी प्रत्येक दाव्यापुढे मूळ साधनाचं नाव लिहा. नाव सापडलं नाही, तर तो दावा तूर्त बाजूला ठेवा.