‘प्रहार’ : सैनिकाची शपथ आणि नागरिकाचे मौन

गोषवारा

नाना पाटेकर दिग्दर्शित ‘प्रहार’ (१९९१) हा हिंदी चित्रपट युद्धपट, थरारपट आणि राजकीय चित्रपट या तिन्ही प्रकारांच्या सीमेवर उभा आहे. प्रस्तुत लेखात या चित्रपटाची रचना, त्यातील सैनिक व नागरिक यांचे नाते आणि त्यामागील राजकीय विचार यांची चिकित्सा केली आहे. नागरिकाच्या मौनाला हा चित्रपट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, हे त्याचे बळ आहे. त्या मौनाची कारणे तो पुरेशी शोधत नाही आणि उत्तर पुन्हा सैनिकाच्याच हाती सोपवतो, ही त्याची मर्यादा आहे. तुलनेसाठी ‘२२ जून १८९७’ (१९७९) आणि ‘उरी : द सर्जिकल स्ट्राइक’ (२०१९) या चित्रपटांचा विचार केला आहे.

बीजशब्द : युद्धपट, सैनिक, नागरिक, साक्ष, हप्ता, कायदा, हिंसा

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड, चाकण आणि हिंजवडी-माण हा परिसर आज मोटारींचे कारखाने आणि संगणक उद्योग यांमुळे ओळखला जातो. या परिसराला लष्कराचा शेजारही जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. दापोडी येथे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि देहूरोड येथे लष्कराची छावणी आहे. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला सैनिक परका नाही. तथापि सैनिकाविषयीची त्याची कल्पना शेजारच्या छावणीपेक्षा पडद्यावरूनच अधिक घडते. म्हणूनच युद्धपट विद्यार्थ्याला काय शिकवतो, हा प्रश्न अध्यापकांच्याही विचाराचा ठरतो. या दृष्टीने ‘प्रहार’ची पुनर्तपासणी उपयुक्त आहे, कारण सैनिक नेमके कोणाचे आणि कशाचे रक्षण करतो, हा प्रश्न या चित्रपटाने फार थेटपणे विचारला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी

‘प्रहार’ हा अभिनेते नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट होय. पटकथालेखनात सुजित सेन यांचा सहभाग होता. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, तर गीते मंगेश कुलकर्णी यांची आहेत. पाटेकर, डिंपल कपाडिया, माधुरी दीक्षित, गौतम जोगळेकर, मकरंद देशपांडे आणि ज्येष्ठ रंगकर्मी हबीब तन्वीर यांच्या त्यात भूमिका आहेत. भूमिकेच्या तयारीसाठी पाटेकर यांनी मराठा लाइट इन्फंट्रीत प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले. बेळगाव हे या पलटणीचे केंद्र आणि कमांडो प्रशिक्षणाचेही ठिकाण. चित्रपटातील प्रशिक्षणाचा भाग याच वातावरणात घडतो. पुढे लष्करप्रमुख झालेले व्ही. के. सिंग हेही या चित्रपटात अल्पकाळ दिसतात. प्रशिक्षणाच्या दृश्यांना जो खरेपणा आला आहे, त्याचे मूळ या जवळिकीत आहे.

‘अंकुश’ (१९८६), ‘प्रहार’ (१९९१) आणि ‘क्रांतिवीर’ (१९९४) हे पाटेकर यांचे तीन चित्रपट एका ओळीत ठेवून पाहता येतात. ‘अंकुश’मधील बेरोजगार तरुण, ‘प्रहार’मधील सैनिक आणि ‘क्रांतिवीर’मधील वस्तीतला माणूस हे तिघेही मुंबईच्या सामान्य जीवनातील दहशतीपुढे उभे राहतात. मात्र शिस्त, शपथ आणि राज्यसंस्थेचा गणवेश ज्याच्या अंगावर आहे असा नायक केवळ ‘प्रहार’मध्ये आहे. त्याचा संताप त्यामुळेच अधिक अवघड प्रश्न निर्माण करतो.

दोन जगांची रचना

चित्रपटाचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वार्धात मेजर चौहान कमांडो तुकडी घडवतो. धावणे, पडणे, चिखल, उपासमार, अपमान आणि पुन्हा धावणे अशी ही प्रक्रिया दिग्दर्शक कंटाळा येण्याच्या सीमेपर्यंत दाखवतो. येथे शौर्य हा जन्मजात गुण राहत नाही. सरावाने अंगी बाणवलेली ती एक सवय ठरते. या प्रशिक्षणाची परीक्षा दहशतवाद्यांनी ओलीस धरलेल्या शाळकरी मुलांच्या सुटकेच्या प्रसंगात होते. कारवाई यशस्वी होते, परंतु पीटर डिसूझा हा तरुण सैनिक त्यात अपंग होतो आणि सैन्यातून बाहेर पडतो.

उत्तरार्धात चौहान पीटरच्या विवाहासाठी मुंबईत येतो. तेव्हा त्याला कळते की हप्ता देण्यास नकार दिल्याबद्दल स्थानिक गुंडांनी पीटरची हत्या केली आहे. हत्या अनेकांनी पाहिली आहे, पण बोलायला कोणी तयार नाही. शत्रूच्या गोळ्यांतून वाचलेला माणूस आपल्याच गल्लीत मारला जातो, या विरोधाभासावर चित्रपटाचा सारा भार उभा आहे.

या दोन भागांतील जोड अनेकदा सदोष मानली जाते. प्रत्यक्षात हा तुटलेपणाच चित्रपटाचा आशय आहे. पूर्वार्धात चौहानचा एक शब्द पुरेसा असतो, कारण समोरच्या प्रत्येकाने शपथ घेतलेली असते. उत्तरार्धात तोच आवाज, तीच नजर, तोच ताठपणा निष्प्रभ ठरतो. गल्लीतल्या माणसांनी कोणतीही शपथ घेतलेली नाही. पीटरचा वृद्ध पिता, त्याची वाग्दत्त वधू शर्ली आणि शेजारची विधवा किरण यांच्या चेहऱ्यांवर चौहानला आज्ञापालनाऐवजी थकवा दिसतो. दीक्षित व कपाडिया या त्या काळच्या आघाडीच्या अभिनेत्रींना रंगभूषेविना पडद्यावर आणण्याचा निर्णय या थकव्याला साजेसा आहे. मात्र या दोन्ही स्त्रिया सोसणाऱ्या आहेत. कथेला वळण देणारा निर्णय त्यांच्या वाट्याला येत नाही.

मौनाची कारणे

चित्रपटाचा नैतिक रोख नागरिकाकडे आहे. गुंड हे येथे जवळजवळ गौण पात्र आहे. त्याला खोली नाही आणि दिग्दर्शकाला तिची गरजही वाटलेली नाही. खरा आरोपी शेजारी आहे. देशभक्तीच्या चित्रपटात प्रेक्षकालाच आरोपी करण्याचे हे धाडस हिंदी चित्रपटात विरळा आहे.

या संदर्भात ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाची आठवण अपरिहार्य आहे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा हा चित्रपट चिंचवडच्या चापेकर बंधूंनी पुण्यात केलेल्या रँडच्या वधावर आधारलेला आहे. त्या इतिहासात द्रविड बंधूंनी चापेकरांविषयी सरकारला माहिती दिली आणि १८९९ मध्ये त्यांचीही हत्या झाली. तेथे बोलणे हा द्रोह होता; ‘प्रहार’मध्ये न बोलणे हा द्रोह आहे. परकी सत्ता जाऊन स्वतःची राज्यव्यवस्था आल्यावर साक्ष देण्याचा अर्थ पालटला, पण साक्षीदाराची भीती पालटली नाही, असा निष्कर्ष या दोन चित्रपटांना शेजारी ठेवल्यावर निघतो.

येथेच ‘प्रहार’ची पहिली मर्यादा स्पष्ट होते. चौहान नागरिकाला सैनिकाच्या मापाने मोजतो. सैनिकामागे तुकडी असते, शस्त्र असते, कायद्याचे अभय असते आणि त्याच्या पश्चात कुटुंबाला निवृत्तिवेतन असते. गल्लीतल्या साक्षीदारामागे यांपैकी काहीच नसते. साक्ष दिल्यानंतर त्याला त्याच गल्लीत, त्याच गुंडासमोर राहावयाचे असते. १९९१ साली साक्षीदारांच्या संरक्षणाची देशव्यापी योजना अस्तित्वात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने अशी योजना डिसेंबर २०१८ मध्ये लागू केली, आणि पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये राज्यांनी अशी योजना करावी अशी तरतूद झाली. गुन्हेगार, राजकारणी आणि प्रशासन यांच्या संगनमताचा शोध घेणारी व्होरा समितीसुद्धा चित्रपटानंतर, १९९३ मध्ये नेमली गेली. म्हणजे ज्याला चौहान भेकडपणा म्हणतो, त्यात व्यवस्थेच्या अभावाचा वाटा मोठा होता. चित्रपटाला हे दिसते, परंतु त्याची नजर व्यवस्थेवर फार काळ टिकत नाही. ती पुन्हा पुन्हा माणसाच्या कण्याकडे वळते.

उत्तर कोणाच्या हाती?

अखेरीस चौहान स्वतःच गुंडांना संपवतो, न्यायालयापुढे उभा राहतो आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. ही चित्रपटाची दुसरी व अधिक गंभीर मर्यादा होय. ज्या नागरिकाला जागे करण्यासाठी सारी मांडणी झाली, त्याच्यासाठी ते काम सैनिकच करून टाकतो. प्रश्न नागरिकाला विचारला गेला. उत्तर मात्र त्याच्याकडून काढून घेतले गेले. लोकशाहीत गणवेशातील मनुष्य न्यायाधीशाचे काम करू लागतो, तेव्हा त्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी नागरिक अधिकच लहान होतो.

तथापि दिग्दर्शकाने या कृतीचा निर्भेळ विजयोत्सव केलेला नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे. कायदा चौहानला वीर ठरवत नाही, वेडा ठरवतो. त्यानंतर असंख्य नग्न बालकांसह धावणाऱ्या चौहानचे प्रसिद्ध स्वप्नवत् दृश्य येते. या बालकांच्या अंगावर धर्म, जात किंवा वर्ग यांची कोणतीही खूण नाही. नव्या पिढीच्या निर्मळतेचे हे स्वप्न आहे, आणि त्याच वेळी सारा देश कवायतीचे मैदान व्हावा अशी ती आकांक्षाही आहे. मनोरुग्ण ठरविलेल्या माणसाच्या दृष्टीतून ही आकांक्षा व्यक्त झाल्यामुळे तिच्याविषयीचा संशय शिल्लक राहतो. हा संशय दिग्दर्शकाला कितपत अभिप्रेत होता, यापेक्षा तो चित्रकृतीत आहे, हे महत्त्वाचे. भाषणवजा संवाद आणि पसरट उत्तरार्ध हे दोष मान्य करूनही ‘प्रहार’ टिकतो, तो या संशयामुळे.

‘उरी’शी तुलना

आदित्य धर दिग्दर्शित ‘उरी’ हा चित्रपट १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरी येथील लष्करी तळावर झालेला हल्ला आणि २९ सप्टेंबर रोजी नियंत्रण रेषेपलीकडे झालेली कारवाई यांवर आधारलेला आहे. पाच प्रकरणांत विभागलेली त्याची पटकथा, ध्वनी आणि गती तांत्रिकदृष्ट्या ‘प्रहार’च्या कितीतरी पुढे आहेत. धर यांना आणि नायकाच्या भूमिकेतील विकी कौशल यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. चित्रपटातील जोशाविषयीची घोषणा जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत भारतीय सिनेमाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांनीही उच्चारली. पडद्यावरची आरोळी राजकीय व्यासपीठावर पोहोचण्याचा हा प्रवास युद्धपटाच्या प्रभावाचा पुरावा आहे.

या दोन चित्रपटांतील मुख्य भेद नागरिकाच्या स्थानात आहे. ‘उरी’मध्ये नागरिक येतो तो शोकमग्न कुटुंबीय म्हणून. त्याने रडावे, अभिमान बाळगावा आणि राज्यसंस्थेवर विश्वास ठेवावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. शत्रू सीमेपलीकडे आहे आणि निर्णय दिल्लीच्या बंद दाराआड होतात. ‘प्रहार’मध्ये शत्रू गल्लीच्या तोंडाशी उभा आहे आणि निर्णय खिडकीत उभ्या असलेल्या शेजाऱ्याने घ्यावयाचा आहे. एक चित्रपट प्रेक्षकाला चित्रगृहातून ताठ मानेने बाहेर पाठवतो, तर दुसरा मान खाली घालायला लावतो. ताठ मानेचेही मोल आहे. परंतु नागरिकत्वाचे शिक्षण खाली झुकलेल्या मानेपासून सुरू होण्याची शक्यता अधिक असते.

समारोप

माणच्या शिवारात राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा उभा राहिला. अशा प्रकारे वेगाने पालटलेल्या गावांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे एकाच इमारतीत राहतात आणि एकमेकांची नावेही त्यांना ठाऊक असतातच असे नाही. ‘प्रहार’मधील मौन भीतीतून आले होते, नव्या वसाहतींतील मौन अपरिचयातून येण्याचा धोका आहे. परिणाम दोन्हींचा सारखाच.

म्हणून वर्गात ‘प्रहार’ शिकवावयाचा तर त्याच्या दोषासह शिकवावा. चौहानचा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि चौहानच्या उत्तराची चिकित्सा करावी. सीमेवरचा सैनिक आपली शपथ पाळतो. गल्लीत साक्ष देणाऱ्याला कोणतीही शपथ बांधत नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची असते. तिला अभय देणारा कायदा, तत्पर पोलिस आणि ओळखीचा शेजार या तीन गोष्टी असतील, तर चौहानला मुंबईत येऊन हाती शस्त्र घ्यावे लागत नाही.