अंगठ्याखालचा चंद्र आणि कपाळावरची पट्टी

बेसमेंट आवरणं हे आपल्या इकडच्या आयुष्यातलं एक वार्षिक कर्मकांड आहे. यंदा त्यात दोन वस्तू हाती लागल्या. एक, २०१७ च्या खग्रास सूर्यग्रहणानिमित्त अमेरिकी टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांचा कोरा ताव. दुसरी, औषधांच्या जुन्या डब्याच्या तळाशी पडलेली, ताप पाहायची काळी प्लॅस्टिकची पट्टी. दोन्हींवरची शाई उष्णतेने रूप बदलते. आपल्या अंकात नाटकांची आणि पुस्तकांची परीक्षणं नेहमी येतात, छपाईचं परीक्षण आलेलं मला तरी आठवत नाही. ती उणीव भरून काढण्याचा अधिकार मला एवढ्यासाठीच की, आज मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहीत असलो तरी पीएच.डी.ची चार वर्षं मी याच शाईकडे टक लावून बसलो होतो.

आधी तिकिटाबद्दल. २० जून २०१७ रोजी ते वायोमिंगमधल्या लॅरमी गावी प्रकाशित झालं. त्यावरचं ग्रहणाचं छायाचित्र फ्रेड एस्पेनॅक यांनी २९ मार्च २००६ रोजी लिबियातल्या जालू इथे टिपलेलं आहे. मांडणी अँटोनिओ अल्काला यांची. मधे काळीकुट्ट चकती, भोवती सूर्याचं प्रभामंडळ. चकतीवर अंगठा घासला की काळेपणा विरतो आणि खालून पूर्ण चंद्र वर येतो. हात काढला की चंद्र पुन्हा अंधारात. उष्णतेने बदलणाऱ्या शाईत छापलेलं हे अमेरिकेचं पहिलंच तिकीट.

अशा करामतींकडे मी जरा नाक मुरडूनच पाहतो. थंड झाली की निळी होणारी बाटलीवरची लेबलं, चहा ओतला की नवं चित्र दाखवणारे मग, हे सगळं एकदा 'अरे वा' म्हणण्यापुरतं. पण तिकिटाचं तसं नाही. ग्रहणात तो काळा गोल म्हणजे भोक नव्हे, तो चंद्रच असतो, आपल्याकडे अंधारी बाजू करून उभा. तिकीट नेमकं तेच बोटाला सांगतं. शिवाय खग्रास स्थिती अशी येते की आत्ता नाही आणि आत्ता आहे, तिला मधली पायरी जवळजवळ नसतेच. या शाईचाही स्वभाव तोच. तिच्या सूक्ष्म कुप्यांमध्ये रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं सौम्य आम्ल आणि मेणासारखा एक पदार्थ कोंडलेले असतात. मेण वितळलं की रंग जातो, गोठलं की परततो. पडदा वर किंवा पडदा खाली. विषय आणि साहित्य यांचं इतकं जमलेलं लग्न छपाईत क्वचितच पाहायला मिळतं. तक्रार एकच. सूर्याचा सोहळा साजरा करणाऱ्या या तिकिटाला ऊन सोसत नाही! अतिनील किरणांनी शाई मरते, म्हणून टपाल खात्यानेच ताव ठेवायला खास संरक्षक पाकीट विकायला काढलं होतं. माझा ताव त्या पाकिटात होता, म्हणून अजून जिवंत आहे.

पट्टीवरची शाई मात्र वेगळ्याच कुळातली. ती लिक्विड क्रिस्टल, म्हणजे द्रवस्फटिकांची. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवताना ते दोनदा वितळल्यासारखं दिसलं. १४५.५ अंशांना त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव नितळ झाला. थंड होताना त्यात रंग चमकून गेले. त्या रंगांचं मर्म असं, की लांबट रेणू थराथरात रचलेले असतात आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळलेला असतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. जिन्याच्या एका पूर्ण फेऱ्याची उंची प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी आली की तेवढाच रंग परतून येतो. उष्णता वाढली की पीळ घट्ट होतो आणि रंग तांबड्याकडून हिरव्याकडे, हिरव्याकडून निळ्याकडे सरकतो. यात रंगद्रव्य असं नाहीच. वहीत जपून ठेवलेल्या मोरपिसाचा निळा रंगही रचनेतूनच येतो, जरी तिथली रचना निराळी असली तरी. म्हणून या शाईखाली काळी पार्श्वभूमी लागते, पांढऱ्या कागदावर ती जवळजवळ दिसतच नाही. वेस्टिंगहाऊसमधल्या जेम्स फर्गसन आणि सहकाऱ्यांना तापमान दाखवण्यासाठी तिच्या वापराचं पेटंट १९६३ साली मिळालं. १९७५ च्या सुमारास इथे मूड रिंग नावाच्या अंगठ्यांची लाट आली, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

या शाईचं सारं ऐश्वर्य तिच्या मधल्या छटांत आहे. अर्ध्या अंशाचा फरक ती रंगाच्या सरकण्यातून दाखवू शकते. आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. कपाळाच्या पट्टीने हे ऐश्वर्य मातीत घातलं. पट्टीवर आकड्यांच्या आकाराच्या खिडक्या असतात, प्रत्येक खिडकीमागे वेगवेगळ्या तापमानाला जागं होणारं मिश्रण स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं. जो आकडा हिरवा तो ताप. म्हणजे अखंड सरकणाऱ्या रंगाला आठ-दहा आकड्यांच्या पिंजऱ्यात कोंबायचं. वर बऱ्याच पट्ट्यांत आणखी एक लपवाछपवी असते. कपाळाची त्वचा शरीराच्या आतल्यापेक्षा थंड असते, म्हणून अंदाजाने दोन-तीन अंश आधीच मिळवून आकडा छापलेला असतो. शाई सांगते त्वचेचं तापमान, छापणारा म्हणतो ताप. शाई खोटं बोलत नाही, तिच्या तोंडी खोटं घातलेलं असतं.

हे मी चिडून लिहितोय, कारण ते मला भोवलंय. आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. जानेवारीची रात्र, बाहेर बर्फ, आणि पोर तापाने मलूल. आई पुण्याहून आलेली होती. तिने घरच्या रीतीप्रमाणे मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवायला सुरुवात केली. तासाभराने मी ओलं फडकं काढलं, कपाळ पुसलं आणि ही काळी पट्टी चिकटवली. ३७ हा आकडा छान हिरवागार झाला. मी म्हटलं, "उतरला बघ, आई." तिने हाताची मागची बाजू पोरीच्या पोटाला लावली आणि म्हणाली, "अरे, पोट भाजतंय तिचं. कपाळ मी गार केलंय, ते तुझ्या पट्टीला काय कळणार?" काखेत साधा थर्मामीटर लावला, ३९.६ निघाला! त्यानंतरची धावपळ सांगत बसत नाही, सकाळपर्यंत सगळं ठीक झालं. पण उष्णतावहनात डॉक्टरेट घेतलेला माणूस ओल्या फडक्याखालच्या कपाळाचं तापमान मोजून निश्चिंत झाला, ही गोष्ट आमच्या घरात अजून पाहुण्यांना सांगितली जाते.

चूक माझी होतीच. पण हिरव्या आकड्याच्या जागी नुसता सरकता रंग असता, तर मी तो आकड्याइतका मानला असता का? आकडा छापला की माणूस विचार थांबवतो. ब्रिटनमध्ये २००७ साली निघालेल्या लहान मुलांच्या तापाविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत नाइस या संस्थेने कपाळाच्या अशा पट्ट्या भरवशाच्या नाहीत, वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्या वापरू नयेत, असं स्वच्छ म्हटलं. हीच पट्टी माशांच्या टाकीच्या काचेवर मात्र उत्तम काम देते. तिथे काच पाण्याचंच तापमान घेऊन स्थिर बसते आणि कोणी तिच्यावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत नाही.

प्रयोगशाळेत मला या शाईची खरी ओळख झाली. काळा रंग दिलेल्या पत्र्यावर ती फवारायची, पत्रा तापवायचा, वरून गार हवेचे झोत सोडायचे आणि कॅमेऱ्याने रंग टिपायचे. झोत जिथे आदळतो तिथे तांबडं बेट, भोवती हिरवी कडी, त्यापलीकडे निळं पाणी. हवेचा स्पर्श डोळ्यांना दिसत असे! पण दिवा किंवा कॅमेरा थोडा तिरका झाला की तेच तापमान अधिक निळं, म्हणजे अधिक गरम दिसायचं. कोनाचा हिशेब चुकल्यामुळे माझे सहा आठवडे पाण्यात गेले. ती बोलते ते खरंच, पण कुठे उभं राहून ऐकायचं तेही तीच ठरवते.

तिचं हे म्हणणं मानणारा कलावंत एकच मला माहीत आहे, गुस्ताव मेट्झगर. न्यूरेंबर्गमध्ये १९२६ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा १९३९ साली निर्वासित म्हणून इंग्लंडला आला. त्याचे आईवडील नाझी संहारात गेले. १९६५ साली त्याने द्रवस्फटिक काचांमध्ये ठेवून, तापवत-निववत, ध्रुवीकरणाच्या गाळण्यांमधून भिंतींवर टाकले. ते काम त्याने २००५ साली पुन्हा उभारलं आणि आता ते टेटच्या संग्रहात आहे. मी ते फक्त चित्रफितीत पाहिलंय. त्यात आकडा नाही, लपलेलं चित्र नाही, द्रव्य आपल्या गतीने वितळतं आणि गोठतं, एवढंच. ती छपाई नव्हे हे मान्य. पण छापणाऱ्यांनी ते एकदा पाहायला हवं.

तिकिटाबद्दल एक गोष्ट राहिली. बाकीच्या टपालखर्चाची साधी तिकिटं लावून मी त्यातलं एक तिकीट आईला पाठवलेल्या पाकिटावर चिकटवलं आणि आत गंमत लिहून ठेवली. पत्र पोचलं पुण्यात, एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी. संध्याकाळी फोन आला.

"अरे, यावर ग्रहण कुठाय? नुसता चंद्रच आहे. कितीही घासलं तरी चंद्रच."

मी विचारलं, "घरात किती तापलंय?"

"चाळीस असेल."

"मग पाकीट थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेव."

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग फ्रिजचं दार उघडल्याचं ऐकू आलं.